इंजिन तापतं तेव्हा उष्णता कुठे अडते?

इंग्लंडच्या कालव्यांवर फिरणाऱ्या नॅरोबोटीचं इंजिन तापू लागलं की बहुतेकांचा पहिला हात थर्मोस्टॅटकडे जातो. तो बदलला जातो. फरक पडला नाही तर बेल्ट, मग पाण्याचा पंप, मग रबरी पाइप, आणि शेवटी हेड उघडण्याची भाषा सुरू होते. सुटे भाग एकेक करून नवे होत जातात आणि काटा पुन्हा लाल पट्ट्याकडे सरकतोच. या इंजिनांचं काम करताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे आणि ते इथे कारणांसह मांडायचं आहे. इंजिनात तयार झालेल्या उष्णतेला बाहेर कालव्याच्या पाण्यात जाऊन मिळायचं असतं. ती तापमापकावर चढत जाते तेव्हा त्या वाटेवर एका विशिष्ट जागी अडलेली असते, नाहीतर वाटेला पेलणार नाही इतकी जास्त तयार होत असते. ती जागा मोजून सापडेपर्यंत पान्याला हात लावू नये. दुरुस्ती सोपी असते, निदान अवघड असतं, आणि आपण बहुतेक वेळा या दोहोंचा क्रम उलटा करतो.

बोटीची रचना लक्षात घेतली की हे नीट पटेल. जेम्स ब्रिंडली आणि त्याच्या पिढीच्या इंजिनिअरांनी अठराव्या शतकात इंग्लंडच्या मध्य भागात जे कालवे खोदले, त्यांतल्या अनेकांवरची लॉक, म्हणजे बोट वर-खाली नेणारी दरवाजेबंद कुंडं, जेमतेम 7 फूट रुंद आहेत. म्हणून बोटही तेवढ्यात मावेल अशी अरुंद, आणि लांबीला मात्र 70 फुटांपर्यंत. आजच्या बहुतेक बोटी पोलादी असतात, बाजूचा पत्रा साधारण 6 मिलिमीटर जाडीचा आणि मागच्या टोकाला 35-40 हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. मोटारीसारखा रेडिएटर आणि पंखा इथे नसतो. काही बोटी कालव्याचंच पाणी आत ओढून इंजिन थंड करतात, पण त्या पाण्यात चिखल, पानं आणि शेवाळ येतं, गाळणी तुंबते आणि पंपाचा रबरी इम्पेलर खराब होतो. म्हणून बहुसंख्य नॅरोबोटींत स्किन टँक असतो. बोटीच्या बाजूच्या पत्र्याला आतून वेल्डिंग केलेली ही एक चपटी पोलादी टाकी. इंजिनातलं गरम कूलंट तिच्या वरच्या तोंडातून आत येतं, आतल्या आडव्या पट्ट्यांमुळे नागमोडी फिरत खाली उतरतं आणि खालच्या तोंडातून पुन्हा इंजिनाकडे जातं. पत्र्याच्या पलीकडे कालवा असतो. फिरणारा पंखा नाही, फुंकली जाणारी हवा नाही. सगळी भिस्त त्या एका पत्र्याच्या क्षेत्रफळावर आणि आतल्या प्रवाहावर.

आता उष्णतेचा हिशेब पाहू. एक लिटर डिझेल जळलं की साधारण 10 किलोवॅट-तास ऊर्जा मोकळी होते. ढोबळमानाने त्यातला एक तृतीयांश भाग प्रोपेलर फिरवण्यात जातो, एक तृतीयांश धुरावाटे निघून जातो आणि उरलेला कूलंटमध्ये उतरतो. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी 4 मैल. त्या चालीने बोट तासाला दीड लिटरच्या आसपास डिझेल खाते, म्हणजे टाकीला सुमारे 5 किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. तीच बोट नदीत प्रवाहाविरुद्ध चढू लागली आणि तासाला 5 लिटर डिझेल लागू लागलं, तर टाकीवरचा बोजा 16 किलोवॅटच्या पुढे जातो. प्रोपेलरला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला 1400 फेऱ्यांवरून 2000 वर गेलं की मागणी जवळपास तिप्पट होते. या धंद्यातला जुना ठोकताळा असा, की दर 4 हॉर्सपॉवरमागे टाकीचा 1 चौरस फूट पत्रा पाण्याला लागलेला हवा. 40 हॉर्सपॉवरच्या इंजिनाला 10 चौरस फूट. अनेक बोटींत हा आकडा गाठलेला नसतो आणि कालव्यावर वर्षानुवर्षं त्याची जाणीवही होत नाही. खंडाळ्याच्या घाटात वाफ सोडणारी गाडी सपाटीवर दिवसभर गार चालते, तसंच हे. घाटात काही नवीन मोडलेलं नसतं, आधीच कमी असलेली क्षमता तिथे उघडी पडते.

या हिशेबातूनच निदानाचा पहिला प्रश्न निघतो: इंजिन नेमकं कधी तापतं? नुसतं 95 अंश हे उत्तर काहीच सांगत नाही. कालव्यावर ठीक आणि नदीत तासाभराने तापत असेल, तेही बोट नवी घेतल्यापासून, तर संशय टाकीच्या आकारावर जातो. वर्षानुवर्षं त्याच नदीवर ठीक चाललेली बोट या मोसमात तापू लागली असेल, तर टाकी काही लहान झालेली नाही. काहीतरी बदललं आहे आणि तो बदल शोधायचा आहे. कूलंट बदलल्यानंतर लगेच तापू लागली असेल, तर हवा अडकली असण्याची शक्यता सर्वांत मोठी. चालता चालता काही मिनिटांत काटा चढला, बोट जड वाटू लागली आणि धूर काळा झाला, तर बिघाड बहुधा इंजिनात नाहीच. प्रोपेलरभोवती काहीतरी गुंडाळलं गेलं आहे. धक्क्याला बांधून बॅटऱ्या चार्ज करण्यासाठी तासन्‌तास इंजिन चालवताना तापत असेल, तर टाकीबाहेरचं पाणी जागचं हलत नाही हे लक्षात घ्यायला हवं. या प्रश्नांना एक पैसा खर्च येत नाही आणि अर्ध्या शक्यता ते जागच्या जागी बाद करतात.

त्यानंतर बाहेरच्या गोष्टी. नॅरोबोटीत प्रोपेलरच्या वर एक झाकण असतं, त्याला वीड हॅच म्हणतात. इंजिन बंद करून, किल्ली काढून खिशात ठेवून मगच ते उघडायचं आणि हात खाली घालून पाहायचं. दांड्यावर काय सापडेल त्याला मर्यादा नाही: शेवाळाच्या दोऱ्या, प्लास्टिकच्या पिशव्या, नायलॉनचा दोर, कपडे, गादीतली तारेची स्प्रिंग. गुंडाळलेली पिशवी इंजिनाकडून दुप्पट काम करून घेते आणि कूलंटमध्ये त्याच प्रमाणात उष्णता ओतते. झाकण परत घट्ट बसलं आहे याची खात्री केल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. सैल राहिलेल्या वीड हॅचमधून पाणी शिरून बोटी बुडाल्या आहेत. मग बेल्टचा ताण बघायचा, आणि इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी. गरम असताना कूलंटचं झाकण उघडायचं नाही, हा नियम कितीही वेळा सांगितला तरी कमीच. झाकणाच्या दाबाखाली कूलंट शंभर अंशांच्या वर न उकळता राहिलेलं असतं; दाब सुटताक्षणी ते उकळून अंगावर उसळतं.

पातळीच्या बाबतीत बोटीचा एक खास घोळ आहे. टाकी धरून या यंत्रणेत 40 लिटर कूलंट सहज असतं. तापल्यावर ते प्रसरण पावतं, आणि तेवढ्या साठ्यात ही वाढ दीड लिटरच्या आसपास जाते. इंजिनावरची मूळ हेडर टाकी, म्हणजे जिथून कूलंट भरतात ती वरची टाकी, त्यामानाने लहान असेल तर जास्तीचं कूलंट झाकणातून बाहेर पडतं. थंड झाल्यावर पातळी खाली दिसते, मालक काठोकाठ भरतो, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच पुन्हा बाहेर. इंजिन कूलंट खातंय, हेड गॅस्केट गेलं, असा निष्कर्ष इथे फार लवकर काढला जातो. गॅस्केट गेल्याच्या खुणा वेगळ्या असतात: थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच रबरी पाइप टणक होतात, हेडर टाकीत एकसारखे बुडबुडे येत राहतात, आणि ज्वलनाचा वायू ओळखणाऱ्या रासायनिक द्रवाचा रंग बदलतो. यातलं काहीच दिसत नसेल तर हेडला हात लावायचं कारण नाही. प्रसरणाला जागा देणारी मोठी हेडर टाकी बसवली की गळती आपोआप थांबते, कारण ती गळती नव्हतीच.

इतक्यावर कारण सापडलं नाही तर खरी परीक्षा दोन पाइपांची. टाकीत जाणारा वरचा आणि टाकीतून परतणारा खालचा. इंजिन थंड असताना सुरू करायचं आणि दोन्ही पाइपांवर लक्ष ठेवायचं. थर्मोस्टॅट बंद असतो तोवर वरचा पाइप गार राहतो. काटा 80 च्या आसपास आला की तो एकाएकी गरम होऊ लागतो; हाताच्या मागच्या बाजूने क्षणभर स्पर्श केला तरी तो बदल कळतो. काटा 95 वर गेला आणि वरचा पाइप अजून गारच असेल, तर कूलंट इंजिनातून बाहेर पडलेलंच नाही: थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा हवा अडकली आहे. वरचा पाइप चटका देणारा आणि खालचा जवळपास कालव्याइतका गार असेल, तर टाकी आपलं काम चोख करते आहे, पण तिच्यातून पुरेसं कूलंट वाहत नाही. मग पंप, घसरणारा बेल्ट, गाळ, किंवा खेचणाऱ्या बाजूचा असा रबरी पाइप, जो मंद गतीला ठणठणीत दिसतो आणि फेऱ्या वाढल्या की आतल्या आत चपटा होतो. दोन्ही पाइप सारखेच गरम असतील, तर प्रवाह आहे पण उष्णता पत्र्यातून बाहेर जात नाही: टाकी लहान आहे, किंवा आतल्या पट्ट्या नाहीत, किंवा पत्र्यावर गाळाचा थर बसला आहे. आणि प्रवाह चांगला असून परतीचं कूलंट पुरेसं गार येत असेल, तरीही काटा चढत असेल, तर संशय इंजिनाच्या आत वळतो, किंवा खुद्द काट्यावर. एकाच इंजिनावर दोन स्पर्शांनी चार वेगळे रस्ते फुटतात. लेझरचा ठिपका दाखवणारं थर्मामीटर वापरायचं असेल तर पाइपाच्या चकचकीत धातूवर रोखू नये, आकडा खोटा येतो. काळी मॅट टेप चिकटवून तिच्यावर रोखावं.

अडकलेल्या हवेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ती सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त छळणारी गोष्ट आहे. स्किन टँकच्या अगदी वरच्या कोपऱ्यात हवा काढायचा स्क्रू असतो. तो हळूहळू सैल केला की आधी सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो, मग थुंकल्यासारखे थेंब, आणि शेवटी बुडबुड्यांशिवाय सलग धार. त्या धारेपर्यंत थांबायचं. टाकीच्या वरच्या भागात हवा राहिली की तेवढा पत्रा निकामी होतो, कारण गरम कूलंट त्याला लागतच नाही. टाकीवरून हात फिरवला तर वरची पट्टी गार आणि तिच्या खालून गरम असा स्पष्ट कडेचा बदल लागतो. बोटीत आंघोळीचं पाणी तापवणारी टाकीही याच कूलंटवर चालते, आणि तिचे पाइप हेडर टाकीपेक्षा उंच गेले असतील तर हवा तिथे दडून बसते. म्हणून यंत्रणा एकदाच भरून भागत नाही. भरायची, इंजिन चालवायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा हवा काढायची.

थर्मोस्टॅट काढून टाका, कटकटच नको, हा सल्ला कालव्यांवर हमखास मिळतो. तो चुकीचा आहे आणि का चुकीचा आहे ते सांगता येतं. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन कालव्याच्या मंद चालीला कधीच पुरेसं तापत नाही; डिझेल अर्धवट जळतं, सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होऊन तेल धरेनाशा होतात, तेलात ओलावा साचतो. त्याहून महत्त्वाचं, काही इंजिनांत हाच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की कूलंट टाकीकडे न जाता जवळच्या वाटेने इंजिनातच घुटमळतं आणि तापणं उलट वाढतं. थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लोंबकळत ठेवावा, तळाला टेकू देऊ नये, शेजारी थर्मामीटर धरावं आणि पाणी तापवावं. त्याच्यावर जो आकडा कोरलेला असतो त्याच्या आसपास तो उघडू लागला आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला, तर तो निर्दोष आहे.

या सगळ्यावर पहिला आक्षेप पैशाचा येतो. थर्मोस्टॅट, बेल्ट आणि झाकण मिळून जेवढे पैसे पडतात त्याहून मेकॅनिकची दोन तासांची मजुरी जास्त; मग सरळ सगळं बदलून का टाकू नये? वयामुळे बदलायला आलेले भाग बदलायला माझी हरकत नाही. ती देखभाल झाली आणि ती वेळेवर व्हायलाच हवी. पण देखभालीला निदान समजणं महागात पडतं. भाग बदलताना कूलंट काढावं लागतं, आणि कूलंट काढलं की हवा शिरते. मूळ दोषाच्या जोडीला नवा दोष आपणच बसवतो. तीन भाग एकदम बदलले आणि तापणं थांबलं, तर कशामुळे थांबलं ते कळत नाही, आणि पुन्हा सुरू झालं तर कुठे पाहायचं हेही कळत नाही. शिवाय टाकी लहान असेल किंवा तिच्यात पट्ट्याच नसतील तर दुकानातला एकही भाग त्यावर उपाय नाही. तो खर्च पूर्ण वाया जातो, आणि बोटमालकाचा मेकॅनिकवरचा विश्वासही.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. मुरलेला माणूस आवाज ऐकून सांगतो, त्याला मोजमापाची गरज काय? अनुभवाबद्दल मला पूर्ण आदर आहे, आणि वरचा क्रम अनुभवातूनच आलेला आहे: आधी प्रोपेलर, मग बेल्ट, मग पातळी, कारण बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. पण अनुभव संशयाचा क्रम देतो, निकाल देत नाही. दोन पाइपांना हात लावायला पाच मिनिटं लागतात; अंदाज बरोबर असेल तर तो पक्का होतो, चुकीचा असेल तर दिवस वाचतो. याच अंगाने इलेक्ट्रॉनिक अलार्मवर विसंबणाऱ्यांनाही उत्तर आहे. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो तोवरच खरं बोलतो. कूलंट निघून गेलं आणि त्याच्याभोवती हवा राहिली, तर इंजिन जळत असताना काटा खाली येऊ शकतो. चढलेला काटा आपोआप उतरला म्हणून हायसं वाटण्याआधी पातळी तपासावी.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: हळू चालवा, तापणार नाही. कालव्यावर तो बहुतांशी खरा आहे. उथळ पाण्यात जोर केला तर बोटीचं मागचं टोक खाली बसतं, पाणी काठाकडे उसळतं, वेग वाढत नाही आणि फक्त डिझेल जळतं. चाल कमी करणं तिथे सगळ्यांच्याच हिताचं. पण हळू चालवणं ही दोषाशी केलेली तडजोड आहे, आणि काही ठिकाणी तडजोडीला वाव नसतो. ट्रेंट-मर्सी कालव्यावरचा, 1827 पासून वापरात असलेला हेअरकॅसल बोगदा सुमारे 2.7 किलोमीटर लांब आहे. आत गेल्यावर वळता येत नाही, पार करायला चाळीसेक मिनिटं लागतात. लाइमहाउस ते ब्रेंटफर्ड या टप्प्यात थेम्सला भरती-ओहोटी असते, प्रवाह जोरदार आणि शेजारून मोठी जहाजं. क्रॉमवेल लॉकच्या खालची ट्रेंट नदीही तशीच. अशा नद्यांवर इंजिनाला पूर्ण शक्ती द्यावीच लागते, आणि नेमक्या त्याच वेळी लपवलेला दोष डोकं वर काढतो. बोट जन्मभर एकाच शांत कालव्यावर राहणार असेल तर तडजोड चालेल. बोट विकत घेणाऱ्याला मात्र ती तडजोड सांगितली गेली पाहिजे.

जागा सापडल्यावर उपाय बहुतेक सरळ असतो. हवा असेल तर ती काढायची. प्रवाह कमी असेल तर पंप, बेल्ट किंवा पाइप. गाळ असेल तर टाकी धुवायची आणि योग्य प्रमाणात नवं कूलंट भरायचं, वेगवेगळ्या प्रकारची कूलंटं एकत्र न करता, कारण त्यांतली गंजरोधक द्रव्यं एकमेकांना निकामी करू शकतात. टाकीच लहान असेल तर विरुद्ध बाजूच्या पत्र्याला दुसरी टाकी जोडायची. त्यासाठी बोट पाण्याबाहेर काढून वेल्डिंग करावं लागतं आणि खर्च मोठा असतो, म्हणूनच तो निर्णय अंदाजावर घ्यायचा नसतो. दुरुस्तीनंतरची चाचणी ज्या परिस्थितीत दोष दिसला त्याच परिस्थितीत व्हायला हवी. नदीवर तापणारी बोट धक्क्यावर दहा मिनिटं गार चालली, याने काही सिद्ध होत नाही. आणि काठाला बांधून गिअरमध्ये जोर लावणं हा पर्याय नाही, त्याने तळ आणि काठ दोन्ही खचतात.

शेवटी बोट बाळगणाऱ्यांना एकच विनंती. इंजिन निरोगी असताना एकदा वही घ्या आणि नेहमीच्या चालीला किती फेऱ्या, टाकीत जाणारा पाइप किती अंश, परतणारा किती अंश, हे तीन आकडे लिहून ठेवा. नदीवर असाल तेव्हा तेच पुन्हा लिहा. आजारी इंजिनाचे आकडे एकटे काही बोलत नाहीत, निरोगी आकड्यांशेजारी ठेवले की उष्णता कुठे अडली ते दाखवतात. ही वही मेकॅनिकच्या हातात दिलीत तर त्याचं निम्मं काम तुम्ही आधीच केलेलं असेल.